खैरवडला गाडी थांबत असे

फोटो काढायला तिथं काही नव्हतं. निखिलनं मोबाइल आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला, नाल्याच्या काठापर्यंत मागं सरकून पाहिला. चैत्राचं ऊन. रुळांच्या दोन्ही अंगांना गाजरगवत वाळून काळं पडलेलं, आणि त्याच्यापलीकडे कापूस निघून गेलेली उघडी शेतं. शेवटी त्यानं हात खाली घेतला आणि विचारलं, "आत्या, नक्की हीच जागा ना?"

हीच जागा होती. नाल्यावरच्या पुलाची दगडी भिंत ओळखीची होती, आणि तिथून रूळ डावीकडे वळतात ते वळणही. बाकी काही उरलेलं नव्हतं. आबांची टपरी होती तिथं विजेच्या तारांचा लोखंडी खांब उभा होता. खांबाच्या बुडाशी सिमेंटचा चौथरा, त्यावर कुणीतरी पिऊन टाकलेली पाण्याची बाटली.

निखिल माझ्या भावाचा मुलगा. धुळ्याला राहतो, घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो आणि उरलेला वेळ रेल्वेच्या माहितीत बुडवतो. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, कुणीही त्यात लिहावं असा. आमच्या भागातल्या बऱ्याच स्टेशनांवरचे लेख त्यानं त्यात लिहिलेत. गेल्या दिवाळीत त्यानं खैरवडवर लिहिलं. ते आबांसाठी होतं. आबा म्हणजे माझे वडील. खैरवड थांब्यावर तिकिटं विकणारे एजंट ते होते, थांबा बंद होईपर्यंत. लेख एवढासाच होता. थांबा कुठं होता, कोणत्या दोन स्टेशनांच्या मधे होता, आता बंद आहे. तरी निखिलनं तो वाचून दाखवला तेव्हा आबा ओसरीवर ताठ बसून ऐकत राहिले आणि संपल्यावर म्हणाले, "आखो एक डाव वाच."

मग काही महिन्यांनी त्या लेखाच्या डोक्यावर एक पिवळी चौकट आली. विषयाची उल्लेखनीयता सिद्ध झालेली नाही, स्वतंत्र संदर्भ न मिळाल्यास लेख वगळण्यात येईल. खाली चर्चा होती. कधी न भेटलेली माणसं एकमेकांशी सभ्य भाषेत बोलत होती. एकानं लिहिलं होतं, असे थांबे गावोगाव होते, प्रत्येकावर लेख कशाला, यादीत एक ओळ पुरे. दुसऱ्यानं विचारलं होतं, इथं कधी काही घडलं का? घडलं असल्यास वर्तमानपत्रातला संदर्भ द्यावा.

म्हणून निखिलला निदान एक फोटो हवा होता. मी जळगावला पिंप्राळ्यातलं माझं फॉल-पिकोचं दुकान एक दिवस बंद ठेवून आले होते, कारण जागा दाखवणारं दुसरं कुणी नव्हतं. आबांचे गुडघे गेलेत. आम्ही उभे असतानाच धुळ्याकडची गाडी आली. तारांखालून विजेवर पळणारी, निळी, लांबलचक. भोंगा दिला, तो आम्ही रुळांजवळ उभे होतो म्हणून. वेग कमी झाला नाही. गवताची काडी न् काडी गाडीच्या वाऱ्यानं झोपली आणि पुन्हा उभी राहिली. त्या वाऱ्याबरोबर खडीतून तापलेल्या तेलाचा वास वर आला, आणि तो आल्यावर मला बाकीचं सगळं जसंच्या तसं दिसायला लागलं.

*

तेव्हा रुळांखाली लाकडी स्लीपर होते. डांबरात मुरवलेले. उन्हाळ्यात दुपारी ते घाम सुटल्यासारखे पाझरत आणि सगळ्या थांब्यावर डांबराचा कडवट, जड वास भरून राही. आबांची टपरीसुद्धा जुन्या काढलेल्या स्लीपरांचीच होती, वर पत्रा. आत गेलं की डांबर, पुठ्ठ्याची कोरी तिकिटं, शिक्क्याची जांभळी शाई आणि आबांच्या तंबाखूचा चुना, असा सगळ्यांचा मिळून एक वास येई. मी पुढं पुष्कळ ऑफिसांत गेले, बँकांत गेले, तसा वास मला पुन्हा कुठं आला नाही. तिकिटांची लाकडी मांडणी होती, कबुतरांच्या खुराड्यासारखी. एकेका खणात एकेका गावाची तिकिटं. धुळ्याचा खण लवकर रिकामा होई. शेवटच्या एका खणातली तिकिटं कधीच निघाली नाहीत. ती कुठल्या गावाची होती ते आता आठवत नाही.

फलाट असा नव्हताच. मुरूम टाकून चोपलेली एक लांब पट्टी, तिच्या टोकाला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात खैरवड, आणि एक लिंबाचं झाड. गाडीला सगळे शटल म्हणत. ती सकाळी धुळ्याकडे जाई आणि दिवेलागणीच्या आधी परत येई. येण्याच्या बऱ्याच आधी बाया येऊन लिंबाखाली बसत. हिवाळ्यात त्यांच्या टोपल्यांत भरताची वांगी असत, हिरवी, पांढुरक्या रेघांची, देठाला अजून दंव. धुळ्याच्या बाजारात विकायला. त्यांतलं एखादं फुटकं वांगं आमच्या वाट्याला येई. मग कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर ते भाजायचं, साल काळी पडून सुटेपर्यंत. त्या धुराचा वास आमच्या केसांना दोन-दोन दिवस राही आणि माय ओरडे.

श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसायची तेव्हा सुरतेला गिरण्यांत गेलेली माणसं परतायची. नवे टेरिकॉटचे शर्ट, हातात सुरतेच्या मिठाईचे पुडके, तोंडात अर्धी गुजराथी. उतरताच ती पहिल्यांदा आबांना हाक मारत आणि मग गावाची वाट धरत. आबा त्यांच्याकडून आल्या प्रवासाचं तिकीट मागून घेत, न बघता खिशात टाकत, आणि "घर बठ्ठा खुशाल ना?" असं विचारत, जणू त्यांचंच घर सुरतेला होतं.

पण सगळ्यात मोठी गर्दी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सासरी गेलेल्या लेकी आखाजीला माहेरी येतात, आमच्याकडे दिवाळीपेक्षा त्याचं कौतुक जास्त. त्या दिवसांत शटल थांबली की डब्याच्या दारातून आधी लुगड्याचा पदर दिसे, मग गठुडं, मग मूल, मग लेक. आया लिंबाखाली आधीपासून येऊन उभ्या असत आणि गाडी पुरती थांबायच्या आत एकेक डबा धरून पळत. कुणाची लेक नसे आली. ती आई गाडी हलेपर्यंत मागच्या डब्यापर्यंत जाऊन पाही. मग आबांकडे येऊन विचारी, आज दुसरी गाडी आहे का? आबांना माहीत असे की नाही, आणि तिलाही माहीत असे. तरी आबा म्हणत, "उद्या ई तुनी पोर."

*

माझी मोठी बहीण सिंधू. आम्ही तिला सिंधूअक्का म्हणायचो. गावातून धुळ्याला शिकायला जाणारी ती पहिली मुलगी. डी.एड. करत होती, मास्तरीण व्हायचं होतं. आबांनी पाठवलं याचं गावाला नवल वाटलं, पण आबांच्या लेखी ती लांब कुठं जातच नव्हती. आपल्याच थांब्यावरून आपल्याच गाडीत बसायची, गार्ड ओळखीचे, संध्याकाळी आपल्याच समोर उतरायची. तिच्यानंतरच्या वर्षी आणखी दोन-तीन मुलींना त्यांच्या बापांनी सोडलं. आबा असतात तिथं, या भरवशावर.

तिची पांढरी साडी होती, निळ्या काठाची, कॉलेजचा गणवेश. एकच. रोज संध्याकाळी ती धुऊन वाळत घालायची आणि सकाळी तांब्यात निखारे घालून तिच्यावर फिरवायची. ओलसर सुती कापड गरम झालं की भाताच्या पेजेसारखा वास सुटतो. मी अंथरुणात त्या वासानं जागी होई. मग ती माझी वेणी घालायची, घट्ट, कपाळ ताणलं जाई इतकी घट्ट, आणि वेणी घालता घालता मला पाढे विचारायची. चुकलं तर केस ओढायची. परत आल्यावर तिच्या बोटांना खडू असायचा. दुसऱ्या शाळेत जाऊन मुलांना शिकवून दाखवावं लागे, त्याला ते पाठ म्हणत. पाठ घ्यायचा असला की आदल्या संध्याकाळी ती ओसरीवर जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रंगीत तक्ते काढायची. झाडाचे भाग. पाण्याचं चक्र. मी रंगांच्या वाट्या धरून बसे. कुंकवातून लाल, हळदीतून पिवळा, चुलीच्या कोळशातून काळा. हिरवा मिळत नसे. त्याला वालाच्या पानांचा रस.

एकदा तिनं मला आणि वाड्यातल्या चार पोरांना लिंबाखाली बसवून पाठाची तालीम केली. शटलला उशीर होता. वांग्यांच्या टोपल्या घेऊन आलेल्या बायाही ऐकत बसल्या. पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात, असं ती सांगत होती. एका म्हातारीनं मधेच विचारलं, "आन् मंग आमना शिवारवर कसाले येत नही?" सगळे हसले. सिंधूअक्का हसली नाही. तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, ते मलाही विचारायचंय सरांना.

आबा टपरीच्या दारात उभे राहून पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी नंतर कधी पाहिलं नाही.

*

थांबा का बंद झाला, हे मी सांगू शकणार नाही. कुणी म्हणे तिकिटं कमी खपतात, कुणी म्हणे गाडीचा वेळ वाचवायचा आहे. एक साहेब जीपमधून आले, आबांच्या हातात कागद दिला, चहा घेतला. चांगले होते बोलायला. दुसऱ्या दिवशी माणसं आली आणि तिकिटांची मांडणी उचलून घेऊन गेली. पाटी मात्र त्यांनी तशीच ठेवली, तिच्यावर तांबड्या रंगाची फुली मारून.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. शटलचा ड्रायव्हर सवयीनं खैरवडजवळ वेग कमी करायचा. गाडी हळू होताना पाहून लिंबाखाली बसलेली माणसं उठायची, टोपल्या डोक्यावर घ्यायची, पळायला लागायची. आणि गाडी न थांबता तशीच पुढं जायची. डब्यांच्या दारांतून ओळखीचे चेहरे बघत राहायचे. हळूहळू ड्रायव्हरची सवय गेली. माणसांचीही गेली. आबांची गेली नाही. ते रोज सकाळी शटलच्या वेळेला टपरीत जाऊन बसत, ती जाईपर्यंत, आणि घरी येत.

गावातून काळीपिवळी जीप सुरू झाली. ती भरल्याशिवाय निघत नसे आणि भरली म्हणजे किती, याला मर्यादा नव्हती. ज्या मुलींचे बाप आबांच्या भरवशावर होते त्यांनी मुलींना घरी बसवलं. सिंधूअक्काचं शेवटचं वर्ष होतं. वार्षिक पाठ तोंडावर आले होते. ती जीपमधून जायला लागली.

ते मार्गशीर्षातले दिवस होते, कडाक्याच्या थंडीचे. त्या सकाळी तिनं पांढऱ्या साडीवर आबांचा तपकिरी स्वेटर घातला होता. तक्त्यांची गुंडाळी सुतानं बांधून काखेत घेतली होती. जीपमध्ये जागा नव्हती म्हणून ती मागं, फळीवर, पाय बाहेर सोडून बसली. रस्ता नाल्याजवळून जातो, थांब्याला लागूनच. जीप कशी उलटली त्याबद्दल नंतर गावात निरनिराळं बोललं गेलं. आबा टपरीत होते. त्यांनी काय पाहिलं हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मी घरी चुलीशी बसून होते. कुणीतरी ओरडत गल्लीतून पळालं. माय अनवाणी निघाली, तिच्या मागं मी. शेताच्या बांधावरून थांबा दिसतो. बांधावर चढले आणि मला शटल दिसली. खैरवडला उभी होती. इंजिनातून धूर निघत होता, दारांत माणसं उभी होती, कुणी कुणी खाली उतरलं होतं, अगदी पूर्वीसारखं. मी मायला ओरडून सांगितलं, "माय, गाडी थांबनी, आपली गाडी थांबनी." मला वाटलं, थांबा पुन्हा सुरू झाला, आणि लोक त्यासाठीच पळतायत. मी हसत पळत होते. बांधावरून उतरेपर्यंत, नाला ओलांडेपर्यंत मी हसत होते.

आबा रुळांच्या मधे उभे राहून खांद्यावरचा टॉवेल हलवत होते, आणि ड्रायव्हरनं त्यांना ओळखलं होतं. नियमात ते बसत नव्हतं. गार्डसाहेब उतरले. आबा त्यांना म्हणाले, "साहेब, मनी पोर शे." एवढंच. गार्डसाहेबांनी स्वतः हात लावला आणि दोघांनी सिंधूअक्काला शेवटच्या डब्यात, गार्डच्या जागेत, उचलून ठेवलं. मी पोचले तेव्हा गाडी हलली होती. आबा तिच्याबरोबर गेले. मुरमावर तक्ते पसरले होते, त्यांच्यावरून लोक चालत होते. लिंबाखाली जीपमधली बाकीची माणसं बसली होती, कुणाच्या कपाळाला हळद लावत होते. गाडी वळणाआड गेली तरी माय तिच्या मागं रुळांवरून चालत राहिली. तिला परत आणायला दोन बायांना पुलापर्यंत जावं लागलं.

खैरवडला गाडी थांबली ती शेवटची. सिंधूअक्का धुळ्याला पोचली नाही.

त्या आखाजीला जीपमधून थोड्याच लेकी आल्या. पुढच्या आखाजीला त्याहून थोड्या. लिंबाचं झाड एका वादळात पडलं आणि लोकांनी सरपणाला नेलं. माझी शाळा दहावीला संपली. कुणी बंद केली नाही, कुणी पुढं पाठवलंही नाही. मग जळगावला लग्न झालं.

*

फोटो टाकून उपयोग झाला नाही. रिकाम्या शेतात एक खांब. तो कुठलाही असू शकतो, असं चर्चेत कुणीतरी लिहिलं, आणि ते खरंच होतं. मग निखिल धुळ्याच्या वाचनालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधलेल्या फायली चाळायला लागला. एका दुपारी तो पिंप्राळ्याला दुकानात आला. मी मशीनवर होते. त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. चार ओळींची बातमी होती. बंद पडलेल्या खैरवड थांब्याजवळ जीप उलटून तरुणी ठार.

"संदर्भ मिळाला म्हणून मी नाचलो, आत्या," तो म्हणाला. "मग खाली वाचलं. थांब्याचे माजी एजंट, म्हणून आबांचं नाव." भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतली आत्या अपघातात गेली, एवढंच त्याला माहीत होतं. कुठं, ते आम्ही त्याला कधी सांगितलं नव्हतं. "हे दिलं तर लेख राहील. देऊ का?"

मी म्हटलं, "मला विचारू नकोस. त्यांना विचार."

आम्ही दोघं गावाला गेलो. आबा खाटेवर होते, माय खाली बसून हरभरे निवडत होती. निखिलनं सगळं नीट समजावून सांगितलं. मग बातमी वाचली. सकाळी जीप नाल्यात उलटली, थांब्याचे माजी तिकीट एजंट अमुक पाटील यांची मुलगी गंभीर जखमी झाली, तिला खासगी वाहनानं धुळ्याला नेत असता तिचा मृत्यू झाला. चालक फरार.

मायचे हात थांबले होते.

"खासगी वाहन नही," आबा म्हणाले. "शटलमा नेली."

निखिल त्यांच्याकडे पाहायला लागला.

"मीच सांगं त्यास्ले तसं लिखाले. गाडी थांबाडी म्हनीसन गार्डनी नोकरी जाती." ते पत्र्याकडे बघत होते. मग इतक्या वर्षांत कधी न सांगितलेलं त्यांनी सांगितलं, कुणी न विचारता. "डब्बामा तिनी माले इचारं, आबा, धुळं वनं का. मी सांगं, वनं." आलं म्हणून सांगितलं होतं त्यांनी तिला. "नही वनं व्हतं."

मी मायकडे पाहिलं. ती निखिलकडे पाहत होती. तिनं विचारलं, "त्यामा सिंधूनं नाव शे का?"

निखिलनं पुन्हा ती बातमी वाचली, मनातल्या मनात, ओठ हलवत. "नाही, आजी. फक्त मुलगी असं आहे."

"बापनं नाव शे. पोरनं नही."

"नाही."

"मंग आते तू टाक."

निखिलनं मोबाइल बाजूला ठेवला. "आजी, तिथला नियम आहे. छापलेलं असेल तेवढंच लिहिता येतं. आपल्या सांगण्यावरून नाव घालता येत नाही. गाडी थांबली तेही नाही घालता येत. खासगी वाहन असंच लिहावं लागेल." आणि मग खाली मान घालून, "मी मुद्दाम सांगतोय. नंतर तुम्हाला फसवल्यासारखं वाटू नये म्हणून."

माय थोडा वेळ हरभऱ्यांतून बोटं फिरवत राहिली. "मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तिना नावबिगर कसाले?"

निखिलनं आबांकडे पाहिलं. मलाही वाटलं, आबा काही म्हणतील. तो लेख त्यांचा होता. गावात कुणी आलं की ते नातवाला फोन लावून तो वाचून दाखवायला लावत. आबांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. "तुनी आजी सांगस तसं कर," ते म्हणाले.

निखिलनं बातमी दिली नाही. मुदत संपल्यावर चर्चा बंद झाली आणि लेख गेला. बंद पडलेल्या थांब्यांच्या यादीत खैरवडची एक ओळ आहे, असं निखिल म्हणतो. मी पाहिलेली नाही.

*

आखाजीला मी माहेरी गेले, जीपनं. आता रस्ता डांबरी आहे आणि जीप बऱ्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी माय नवं लुगडं नेसली, तिनं पिशवीत भाकरी बांधली आणि मला म्हणाली, "माले त्या गाडीमा बसाड."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग लक्षात आलं, माय त्या गाडीत कधीच बसली नव्हती. तिचा नवरा इतकी वर्षं तिकिटं विकत होता, लेक रोज जात होती, सगळं गाव धुळ्याला जाऊन येत होतं. तिचं माहेर पलीकडच्या गावात, पायवाटेचं. तिला कधी कुठं जायचंच नव्हतं, किंवा कुणी नेलंच नव्हतं. मी आबांकडे पाहिलं. खाटेवरून हात लांब करून त्यांनी तिची काठी तिच्याकडे सरकवली.

गाडी आता मागच्या स्टेशनावर थांबते. रिक्षा करून तिथं गेलो. खिडकीवरच्या मुलानं मशीनमधून तिकीट काढून दिलं, पातळ कागदाचं. मायनं ते मुठीत गच्च धरलं. गाडी आली तेव्हा तिला चढवायला दोन माणसांनी हात दिला. एका मुलीनं उठून तिला खिडकीची जागा दिली.

गाडी सुटली. मायनं दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले होते. शेतं येऊ लागली, मग एक विहीर, मग बाभळी. मी तिच्या खांद्यावरून पुढं पाहत होते. नाल्याचा पूल दिसला तेव्हा मी म्हटलं, "माय, आता. या बाजूला. हे बघ, हेच." भिंत गेली, एक खांब गेला, दुसरा गेला, गवत सगळं एका रंगाचं होऊन मागं ओढलं गेलं आणि गाडी वळणाला लागली.

मायनं मान वळवून मागं पाहायचा प्रयत्न केला. गजांतून जमलं नाही.

"माले काही दिखनं नही," ती म्हणाली.

पुढचं स्टेशन येईपर्यंत ती तशीच बाहेर तोंड करून बसली होती. मग तिनं पिशवी सोडली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडली, त्यावर मिरचीचा ठेचा ठेवला आणि अर्धी मला दिली. धुळं यायला अजून वेळ होता. आम्ही खात बसलो.